जिम्नॅस्टिक्सच्या क्लासला निघण्याआधी

चि. सईस,


परवा मी आईशी फोनवर बोलत होते, तेव्हा तू मागून ओरडलीस ते मला स्पष्ट ऐकू आलं. "आजी, मला जिम्नॅस्टिक्स आवडतं, पण क्लास आवडत नाही!" आई म्हणाली, "ऐका आता हिचं." मी ऐकलं, आणि ते मला अगदी खरं वाटलं. शाळेत मी कितीतरी वर्षं खेळ शिकवले. तुझ्यासारख्या मुली प्रत्येक वर्गात असायच्या. खेळ जीव लावून आवडायचा आणि सराव म्हटला की पोटात दुखायला लागायचं. म्हणून हे पत्र. ते एका दमात वाचू नकोस, लांब आहे.

मे महिन्याच्या शिबिरात तू कार्टव्हील शिकलीस. शेवटच्या दिवशी पालकांसमोर करून दाखवलीस, टाळ्या मिळाल्या. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तू ती दाखवलीस, दिवाणखान्यात जागा नव्हती तरी. मग जूनमध्ये नेहमीचा क्लास सुरू झाला आणि कार्टव्हील मागेच राहिली. आता रोज भिंतीला पाय टेकवून हँडस्टँड करायचा. पाठीवर झोपून हात आणि पाय जमिनीपासून जरासे उचलून धरायचे, आणि क्लासच्या ताई आकडे मोजतात ते इतके सावकाश की दहा कधी येतच नाहीत. पायाची बोटं ताणायची. तीच पुढची कोलांटी, तीच मागची कोलांटी. टाळ्या नाहीत. वर ताईंचं एकच चालू, "सई, गुडघे! सई, पाय जोड!"

मी गणपतीत आले होते तेव्हा तुझ्या क्लासला येऊन कोपऱ्यात बसले होते. तुझा नंबर जवळ आला की तू बुटाची लेस बांधायचं निमित्त करून मागच्या मुलीला पुढे सोडतेस, हे मी पाहिलं. बूट काढून ठेवल्यावर तू वेणी सोडून पुन्हा घालत होतीस. मी तेव्हा काही बोलले नाही, आणि आता बोलते आहे तेही रागावून नाही. तू तसं का करतेस ते मला समजून घ्यायचं होतं.

आईने तुला सांगितलं होतं की पुढच्या बॅचला गेलीस तर सायकल मिळेल. मी तिला म्हटलं, असं नको करूस. माझा राग आला असेल, पण कारण ऐक. सायकलीसाठी हँडस्टँड केलास तर सायकल मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी हँडस्टँडचं काम संपतं. शिवाय मिळाली नाही तर हँडस्टँडचाच राग येणार. सायकल तुला वाढदिवसाला मिळू दे. तुझं आणि हँडस्टँडचं जे काही आहे ते तुमच्या दोघांतच राहू दे.

आता मुख्य गोष्ट. तू म्हणतेस, "इतके दिवस करते आहे, काहीच होत नाही." दंड बघितलेस, पूर्वी होते तसेच बारीक. पण होतं आहे, फक्त ते दिसत नाही अशा ठिकाणी. तुझ्या वयाच्या मुलामुलींना व्यायामाने जी ताकद येते, ती बहुतेक स्नायू मोठे झाल्यामुळे येत नाही. ती मेंदू आणि मज्जातंतूंमुळे येते. स्नायू म्हणजे हजारो बारीक तंतूंचा जुडगा असतो. सुरुवातीला मेंदूने हुकूम सोडला की त्यातले थोडेच तंतू कामाला लागतात, तेही एकाच वेळी लागत नाहीत. दंड वाकतो, पाठीला पोक येतो, पाय भिंतीवरून घसरतात. मग रोज तोच हुकूम जात राहिला की मेंदू आणखी तंतूंना एका वेळी हाक मारायला शिकतो. कोणता स्नायू आवळायचा आणि कोणता सैल सोडायचा तेही त्याला कळायला लागतं. म्हणून जून महिन्यात भिंतीवर तुझे पाय लटपटायचे, आणि मी गणपतीत पाहिलं तेव्हा ते बऱ्यापैकी स्थिर होते. दंड तेवढेच होते, मेंदू पुढे गेला होता. हे काम तू झोपलेली असतानाही चालतं. दिवसभरात शिकलेल्या हालचाली मेंदू झोपेत पक्क्या करतो. क्लासच्या दिवशी रात्री उशिरापर्यंत टीव्हीसमोर बसू नको असं मी सांगते ते याच्यासाठी.

पण यात एक अडचण आहे, आणि हे पत्र मी खरं तर तेवढ्यासाठीच लिहायला घेतलं. मेंदू तू काय करतेस ते शिकतो. तुझ्या मनात काय करायचं होतं, ते त्याला कळत नाही. गुडघे वाकवून वीस वेळा हँडस्टँड केलास तर तो वाकलेल्या गुडघ्यांचा हँडस्टँड मन लावून शिकतो, आणि मग तो विसरायला लावणं फार कठीण जातं. तुझ्या अक्षराचं आठव. पहिलीत घाईघाईने काढलेला 'श' अजून तसाच येतो, कितीही ठरवलं तरी. म्हणून ताई जेव्हा "वीस वेळा" म्हणतात, तेव्हा मला वीसच्या आकड्याचं महत्त्व वाटत नाही. त्यातले पाच जरी तू पूर्ण लक्ष देऊन केलेस, म्हणजे हात खांद्याएवढ्या अंतरावर, बोटं पसरलेली, खांदे कानांकडे ढकललेले, पोट आत, गुडघे ताठ, पाय जुळलेले, तर ते पाच उरलेल्या पंधरांपेक्षा जास्त शिकवतात. घामाघूम होणं म्हणजे मेहनत असं मोठी माणसंसुद्धा समजतात. घाम धावूनही येतो. मी मेहनत म्हणते ती या लक्ष देण्याला. ती नऊ वर्षांच्या मुलीला करता येते, आणि दमलेली असतानाही करता येते.

तुला अगरतळ्याच्या एका मुलीबद्दल सांगते. अगरतळा म्हणजे त्रिपुराची राजधानी, नकाशात बांगलादेशाच्या पलीकडे शोध. दीपा कर्माकर तिथली. तिचे वडील वजन उचलण्याच्या खेळाचे प्रशिक्षक. सहा वर्षांची असताना ती जिम्नॅस्टिक्सला लागली, आणि तिच्या पायांचे तळवे सपाट होते. तू ओले पाय फरशीवर उमटवलेस तर मधे आतल्या बाजूला जागा कोरडी राहते ना? ती तळव्याची कमान. उडी मारताना आणि खाली उतरताना ही कमान स्प्रिंगसारखं काम करते. ती नसली तर व्हॉल्टसारख्या उडीच्या प्रकारात पंचाईत होते. दीपाचे प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी यांनी तिच्याकडून खूप व्यायाम करून घेतला, आणि हळूहळू तिच्या तळव्याला कमान आली. त्या वेळी तिथे चांगली साधनंही नव्हती. जुन्या स्कूटरचे सुटे भाग जोडून केलेल्या साधनावर ती उड्यांचा सराव करायची.

तळव्यांचे व्यायाम करताना किती कंटाळा येत असेल, विचार कर. तुझ्या बोटं ताणण्यापेक्षाही जास्त. त्यात बघण्यासारखं काहीच नसतं. त्या दिवसांत तिला कुणी विचारलं असतं की आज काय शिकलीस, तर तिला सांगता आलं नसतं.

2014 साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने व्हॉल्टमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या स्पर्धेत जिम्नॅस्टिक्सचं पदक मिळवणारी ती पहिली भारतीय मुलगी. मग 2016 चं रिओ ऑलिंपिक. भारतीय जिम्नॅस्ट ऑलिंपिकला जाण्याची 52 वर्षांनी आलेली वेळ, आणि मुलींमध्ये तर पहिलीच. तिथे व्हॉल्टच्या अंतिम फेरीत ती जी उडी मारणार होती तिचं नाव प्रोदुनोव्हा. येलेना प्रोदुनोव्हा या रशियन खेळाडूने ती पहिल्यांदा करून दाखवली म्हणून ते नाव. धावत यायचं, व्हॉल्टच्या टेबलावर हात टेकून वर उसळायचं आणि पुढच्या दिशेने हवेत दोन कोलांट्या घेऊन पायांवर उतरायचं. पुढच्या बाजूला कोलांटी घेताना जमीन शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही, म्हणून ती भीतीदायक. त्या काळी जगात फार थोड्या मुली ती करत होत्या. दीपाने ती केली. उतरताना ती इतकी खाली बसली की आता मॅटवर टेकणार असं वाटलं, पण पाय धरून राहिले.

ती चौथी आली. तिचे गुण 15.066. तिसऱ्या आलेल्या स्वित्झर्लंडच्या ज्युलिया श्टाइनग्रुबरचे 15.216. फरक 0.150.

आता हा फरक मी तुला उलगडून दाखवते, कारण ताई "गुडघे, गुडघे" का म्हणतात ते यात आहे. व्हॉल्टच्या अंतिम फेरीत दोन उड्या मारायच्या असतात आणि त्यांची सरासरी काढतात. दीपाला पहिल्या उडीला 14.866 मिळाले, प्रोदुनोव्हाला 15.266. प्रत्येक उडीचे गुण दोन भागांत येतात. उडी किती अवघड आहे त्याचे वेगळे, आणि ती किती स्वच्छ केली त्याचे वेगळे. स्वच्छतेचे दहा असतात आणि चुकेल तसे कापतात. बारीक चुकीला 0.1, मध्यम चुकीला 0.3, मोठ्या चुकीला 0.5 आणि पडलं तर पूर्ण 1. गुडघा जरा वाकला, पाय सुटे झाले, उतरताना एक छोटं पाऊल सरकलं, अशा चुका 0.1 च्या. सरासरीतला 0.150 चा फरक म्हणजे दोन उड्या मिळून 0.3. अशा बारीक चुका तीन. जगात इतक्या वर पोचल्यावर पदक आणि चौथा नंबर यांत एवढंच अंतर उरतं.

दीपा यात कमी पडल्याची गोष्ट म्हणून मी हे सांगत नाही. स्कूटरच्या भागांवर शिकलेली मुलगी जगात चौथी आली, ही मला पदकाहून मोठी गोष्ट वाटते. मी सांगते ते एवढ्यासाठी की कोलांटीत पाय जुळलेले ठेवण्याचा जो कंटाळा तुला येतो, तो कंटाळा हाच खेळ आहे. तो संपल्यावर पुढे कधीतरी खरा खेळ सुरू होतो असं नाही. रिओच्या पुढच्या वर्षी, 2017 मध्ये, दीपाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, 2018 मध्ये तुर्कस्तानातल्या मर्सिनला जागतिक चषक स्पर्धेत तिने सुवर्ण मिळवलं. 2024 मध्ये ताश्कंदला ती आशियाई विजेती झाली आणि त्याच वर्षी निवृत्त झाली. शस्त्रक्रियेनंतर परत येणं म्हणजे पुन्हा पहिल्या व्यायामांपासून आरंभ. ते तिला येत होते म्हणून ती परत येऊ शकली.

तुझी दुसरी तक्रार, ओवी पुढच्या बॅचला गेली. ती तुझ्यानंतर आली आणि आधी गेली, हे तुला लागलं आहे, आणि ते लागणारच. पण ओवी तुझ्यापेक्षा बुटकी आहे, आणि या खेळात लहान अंग पटकन फिरतं. तू यंदा उंच झालीस, मागच्या वर्षीचा फ्रॉक गुडघ्याच्या वर गेला. हात-पाय लांब झाले की मेंदूला त्यांचा नवा हिशेब करावा लागतो. काल येणारी गोष्ट आज येईनाशी होते. तुझी मेहनत कमी पडली म्हणून ते झालं नाही. काही दिवस जातात आणि मग ते परत येतं, बहुतेक वेळा आधीपेक्षा चांगलं. आणि घाई कशाची? मोठ्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मुलींना उतरता येतं ते वयाची सोळा वर्षं पुरी होतात त्या वर्षी. तुला तर अजून दहाही पुरी व्हायची आहेत. रिओच्या त्याच अंतिम फेरीत उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिना होती, तेव्हा ती 41 वर्षांची. तिचं पहिलं ऑलिंपिक 1992 चं बार्सिलोना. तिनेही त्या दिवशी प्रोदुनोव्हा घेतली. ती सातवी आली, आणि पुढच्या टोकियो ऑलिंपिकलाही गेली. ओवीच्या पुढच्या बॅचबद्दल रडू आलं तर रडून घे. दुसऱ्या दिवशी तिला विचार की मागची कोलांटी घेताना ती हात कुठे टेकवते. ती आनंदाने सांगेल.

तिसरी गोष्ट तू मला सांगितली नाहीस, मी ओळखली. तू वेणी घालत बसलीस ती मागे वाकण्याच्या वेळी आणि अरुंद बीमवर चालण्याच्या वेळी. पुढच्या कोलांटीला तू धावत गेलीस. म्हणजे हा आळस नाही, भीती आहे. आणि भीती असेल तर "आळशी कुठली" असं म्हणणं उपयोगाचं नाही, आईनेही नाही आणि तू स्वतःलाही नाही.

मागे वाकताना भीती वाटते याचं कारण तुझ्या कानात आहे. प्रत्येक कानाच्या आत तीन बारीक अर्धगोल नळ्या असतात, त्यांत पाणी असतं. डोकं कुठे वळलं हे त्या पाण्याच्या हलण्यावरून मेंदूला कळतं. डोळे त्याला मदत करतात. मागे जाताना डोळ्यांना जमीन दिसत नाही, पाणी वेगळंच काही सांगतं, आणि मेंदू म्हणतो, थांब. तो तुला वाचवायलाच बघत असतो. जगातली सगळ्यात मोठी जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स टोकियोच्या स्पर्धेत व्हॉल्ट घेताना हवेत असतानाच आपण कुठे आहोत हे हरवून बसली. ठरवलं होतं त्यापेक्षा तिला एक पूर्ण फेरा कमी घेता आला. ती खाली उतरली आणि सांघिक स्पर्धेतून बाहेर पडली, नंतरच्या बहुतेक फेऱ्यांतूनही. लोक तिला काय काय बोलले. तिने आधी सुरक्षित राहायचं ठरवलं. शेवटी बीमवर परत येऊन कांस्य घेतलं, आणि तीन वर्षांनी 2024 ला पॅरिसमध्ये तीन सुवर्णपदकं आणि एक रौप्य. तिलासुद्धा जे झालं, ते तुला झालं तर लाज वाटण्यासारखं काय आहे?

फक्त भीती लपवू नकोस. लपवलीस की ताईंना तू टाळाटाळ करतेस एवढंच दिसतं. "ताई, मला मागे जायची भीती वाटते" असं एकदा सांग. मग त्यांना पुष्कळ करता येतं. बीम दहा सेंटिमीटर रुंद असतो, तुझ्या पावलापेक्षा थोडा जास्त. खऱ्या स्पर्धेत तो सव्वा मीटर उंचीवर असतो, पाच मीटर लांब. पण तो दहा सेंटिमीटरचा पट्टा आधी जमिनीवर खडूने आखता येतो. तिथे तू न बघता चालायला लागलीस की जमिनीलगतचा बुटका बीम. मग मधला. खाली जाड मॅट. मागे वाकताना ताईंचा हात पाठीखाली. भीती अशी पायरी पायरीने उतरते, हिंमत करून एकदम उडी मारल्याने ती क्वचितच जाते. मी मुलींना पहिल्या आठवड्यात पडायलाच शिकवायचे. पडताना हात मागे टेकवायचे नाहीत, गुडघे सैल सोडायचे, हनुवटी छातीला लावायची, गोल होऊन लोळायचं. ज्या मुलीला पडता येतं ती चढायला घाबरत नाही.

भीती वेगळी आणि दुखणं वेगळं, हेही लक्षात ठेव. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी मांड्या जड होतात, ते ठीक. पण मनगट, कंबर, टाच किंवा गुडघा नेमक्या एका ठिकाणी दुखत असेल, दाबल्यावर कळ येत असेल, तर त्याच दिवशी ताईंना आणि आईला सांगायचं. सहन करणं म्हणजे शूरपणा असं तुला कुणीही सांगितलं तरी माझं ऐक. तुझी हाडं अजून वाढताहेत. स्प्लिट व्हावी म्हणून कुणी खांद्यावर बसून दाबलं तर "थांबा" म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे. आधार देणारा हात कुठे लागणार ते आधी सांगूनच लागला पाहिजे. तो तुला बरा वाटला नाही तर तेही घरी सांग, कितीही मोठ्या माणसाचा हात असला तरी. तुमच्या ताई तशा नाहीत, मी पाहिलं. त्या आधी सांगून हात लावतात. पण हे तुला माहीत असायला हवं.

मी तुझ्याएवढी होते तेव्हा सांगलीला जिम्नॅस्टिक्सची साधनं आमच्या आसपास नव्हती. व्यायामशाळेच्या आढ्याला एक सुती दोर टांगलेला असायचा, आम्ही मुली त्याच्यावर मल्लखांब करायचो. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला आकार दिला, त्यातलाच हा दोरीचा प्रकार. पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या चिमटीत दोर धरून वर चढायचं. कुठेही गाठ मारायची नाही. सुरुवातीला ती बोटांमधली कातडी लाल व्हायची, आणि पहिले कितीतरी दिवस बाई आम्हाला चढू द्यायच्याच नाहीत, फक्त चिमटीत दोर धरून लटकायला सांगायच्या. मला ते आवडायचं असं म्हटलं तर खोटं होईल. पण एक दिवस मी वर दोरावर बसले आणि हात सोडले. दोर अंगठ्यात पक्का होता. खालच्या मुली लहान दिसत होत्या. तो दोर कसा धरायचा हे मला आजही पायाने आठवतं. दादरला शिवाजी पार्कजवळ समर्थ व्यायाम मंदिरात मुलंमुली मल्लखांब करतात, तिथले उदय देशपांडे सर यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. नाताळच्या सुट्टीत मुंबईला मावशीकडे आलीस की आपण बघायला जाऊ. तिथे वरच्या मुलांकडे सगळेच बघतात. आपण कोपऱ्यातल्या लहान मुलांकडे बघू, ती काय करताहेत ते.

आता माझं मागणं. ते तुझ्या-माझ्यात आहे, यात बक्षीस नाही.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत रांगेत कुणालाही पुढे सोडायचं नाही. तुझा नंबर तुझाच. भीती वाटली तर नंबरावर उभी राहून ताईंना सांग, पण वेणी सोडू नकोस. दुसरं, क्लासला जाताना आज कोणत्या एका गोष्टीकडे लक्ष देणार ते ठरवून जा. एकच. आज फक्त जुळलेले पाय, सगळ्या कोलांट्यांत. परवा फक्त खांदे ढकलणं. सगळं एकदम सुधारायला गेलीस तर काहीच सुधारत नाही, आणि मग राग येतो. जाऊन ताईंना तसं सांग, "आज माझे पाय बघाल का?" बघ त्यांना किती आनंद होतो. शिकवणाऱ्या बाईला याहून मोठं काही मिळत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहिते.

तिसरं, रांगेत थांबण्याचा वेळ. वीस मुलींच्या क्लासमध्ये बीमवर तुझ्या वाट्याला तासाभरात काही मिनिटंच येतात. बाकीचा वेळ थांबण्यात जातो. तेव्हा पुढची मुलगी कुठे पाय टेकवते ते बघ, डोळे मिटून आपण ते करतो आहोत असं मनात चालव. मोठ्या जिम्नॅस्ट स्पर्धेच्या आधी अगदी तसंच करतात. टीव्हीवर बघ, डोळे मिटून हात हवेत फिरवत असतात. गप्पाही मार. खेळात मैत्रिणी नसल्या तर काय मजा. पण तुझ्या पुढची मुलगी सुरू झाली की गप्पा बंद.

आणि एक छोटी वही. त्यात "झालं, नाही झालं" असं लिहायचं नाही. कसं वाटलं ते लिही. "आज भिंतीवर असताना पोट आत घेतलं तर पाय हलके झाले," असं. एक ओळ पुरे. शुद्धलेखन मी तपासणार नाही.

दिवाळीनंतरही तुला वाटलं की नको, दुसरं काही करायचं आहे, पोहायचं आहे, खो-खो खेळायचा आहे, तर मी तुझ्या बाजूने आईशी बोलेन. सोडून देणं हा गुन्हा नाही. फक्त भीती वाटली म्हणून किंवा ओवी पुढे गेली म्हणून सोडू नकोस. मन लावून करून बघितलं, आणि तरी मन लागलं नाही, असं सांगता आलं पाहिजे. त्यानंतर तू जे काही करशील त्यात ते उपयोगी पडेल. सरळ पाठ, पडता येणं, मनगटात जोर, हे कुठेही चालतं.

आईबाबांना नमस्कार सांग. दिवाळीत येशील तेव्हा वही आण. दिवाणखान्यातला दिवाण मी आजोबांना भिंतीला सरकवायला सांगितला आहे. आता कार्टव्हीलला जागा होईल, पण पाय जुळवून उतरायचं.

तुझी,
आजी

ता. क. पुढचं आईला वाचून दाखव.
क्लासच्या दीड-दोन तास आधी सईला पोटभर खायला दे, निघताना नको. वेफर्स नकोत, पोळी-भाजी किंवा उपमा चालेल, सोबत पाण्याची बाटली. नखं कापलेली असू देत, केस घट्ट बांधलेले, हातात बांगडी किंवा राखी नको. दारातून "सई, नीट कर!" म्हणून ओरडू नकोस, तिचं लक्ष ताईंकडे असायला हवं. घरी आल्यावर "आज काय नवीन शिकलीस?" असं विचारू नकोस, कारण बऱ्याच दिवशी नवीन काहीच नसतं आणि मग तिला वाटतं की दिवस वाया गेला. "आज कशाकडे लक्ष दिलंस?" असं विचार. आणि ओवीच्या आईशी बोलताना सई शेजारी असेल तर बॅचचा विषय काढू नकोस.